घरच्या बादलीतील बिअर



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली, तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांकडे दोन प्रकारची मंडळी येऊन गेली असे कळते. पहिल्यांचा प्रश्न असा की, हा विषय या मांडवात कसा आला? दुसऱ्यांचा प्रश्न असा की, शेवटी प्रात्यक्षिक आहे काय? दुसऱ्यांची निराशा आधीच करून टाकतो. प्रात्यक्षिक नाही, आणि ते घरी जाऊनही कोणी करावयाचे नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, तो परवान्यावाचून मद्य तयार करू देत नाही; मग ते विकण्यासाठी असो की स्वतःसाठी, पिंपभर असो की बाटलीभर. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते इंग्लंडातले. १९८१ पासून काही वर्षे आम्ही लीड्स शहरी नोकरीनिमित्त सहकुटुंब राहत होतो, आणि तेथे हा उद्योग कायद्याला धरून करता येतो.

पहिल्या मंडळींचा प्रश्न मात्र आम्ही टाळणार नाही. या मांडवात असे पुष्कळ आईवडील बसलेले आहेत, की ज्यांचा मुलगा लंडनला नाहीतर न्यू जर्सीला आहे. ते उन्हाळ्यात त्याच्याकडे जातात, आणि एके दिवशी गॅरेजच्या कोपऱ्यात झाकण लावलेली एक मोठी बादली बुडबुड करताना त्यांना दिसते. आईच्या छातीत धस्स होते. आपला मुलगा हातभट्टी लावून बसला की काय! तो समजावतो, पण त्याच्या शब्दांवर तिचा विश्वास बसत नाही. निदान त्या बादलीत काय चालले आहे हे तिला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

प्रथम हातभट्टीचेच घेऊ. हातभट्टीत आंबवलेला द्राव तापवून त्याची वाफ धरतात, म्हणजे ऊर्ध्वपातन करतात. बिअरमध्ये ते नाही. बिअर नुसती आंबवतात. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा चार-पाच एवढेच येते. माणसे आंधळी होतात, मरतात, ती मेथिल अल्कोहोलाने, आणि ते बहुधा कारखान्याच्या उपयोगाचे रसायन स्वस्त म्हणून दारूत मिसळल्यामुळे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली ती अशाच विषाने. धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असते. इंग्लंडचा कायदादेखील हाच भेद पाळतो. घरी बिअर करावी, वाइन करावी. परवान्यावाचून भट्टी लावाल तर तो आजही गुन्हा आहे.

मात्र ही मोकळीक इंग्रजांनाही आयती मिळालेली नाही. पूर्वी तेथे शेतकऱ्याच्या घरी बिअर होत असे, जशी आपल्याकडे अंबील. १८८० साली ग्लॅडस्टनसाहेबांनी मॉल्टवरचा कर उठवून तो बिअरवर बसवला, आणि घरी करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. सरकारला चिंता नीतीची नव्हती, महसुलाची होती. पुढे त्र्याऐंशी वर्षांनी, १९६३ च्या एप्रिलात, रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी आपल्या अर्थसंकल्पात हा परवाना रद्द केला. अट एकच, की विकायची नाही. थोडक्या पैशांत बिअर करणाऱ्यांचे अंदाजपत्रक असे खुद्द सरकारच्या अंदाजपत्रकाने सुरू झाले. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरचे पुस्तक निघाले, आणि हळूहळू बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतूनही मॉल्टचे डबे खोकल्याच्या औषधांशेजारी दिसू लागले. अमेरिकेत तर १९३३ साली दारूबंदी उठल्यावर घरच्या वाइनला मोकळीक मिळाली आणि घरची बिअर मागेच राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर कार्टरसाहेबांची सही होण्यास १९७८ साल उजाडले, आणि मिसिसिपी व अलाबामा ही राज्ये तर २०१३ पर्यंत अडून बसली होती.

आता आमची गोष्ट. लीड्सला आमच्या शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहत. नाव सांगत नाही; आम्ही घरात त्यांना म्हातारबुवाच म्हणत असू. पेन्शन बेताची, पण त्यांच्याकडे पाहुणा आला तर त्याच्यासमोर फेसाळ पेला आल्याशिवाय राहत नसे. एकदा त्यांनी आम्हाला हिशेब सांगितला. पबमध्ये आठ-नऊ पिंट घेण्यास जे लागते तेवढ्यात घरी चाळीस पिंट होते. चाळीस पिंट म्हणजे पाच गॅलन, सुमारे साडेबावीस लिटर. एक मॉल्टचा डबा, एक किलो साखर, डब्याबरोबर येणारी यीस्टची पुडी, आणि नळाचे पाणी. आम्ही मराठी मध्यमवर्गीय. काटकसरीचे नाव निघाले की आमचे कान टवकारतात.

घरी आल्यावर सौभाग्यवतींच्या कानावर ही योजना घातली. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या माहेरी एक कर्ता पुरुष दारूने गेला होता. थोरले काका. शेत गेले, मग बैल गेले, मग ते गेले. लहानपणी त्यांना शोधायला कंदील घेऊन यांनाच पाठवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवताना त्या एवढेच म्हणाल्या, “विकत आणलेली बाटली संपते हो. घरातली संपणार कधी?” हा प्रश्न खरा आहे, आणि आम्ही येथे तो गुळगुळीत करून सांगणार नाही. स्वस्त दारू ही काटकसर नव्हे. ज्याचा हात थांबत नाही त्याच्या घरी चाळीस पिंटांची बादली म्हणजे विहिरीला कठडा नसण्यासारखे आहे. म्हातारबुवांनाही आम्ही हे विचारले. ते म्हणाले, “पोरा, ज्याला लवकर हवी असते तो घरी करीत नाही. मला थांबावे लागते सहा आठवडे.” हे उत्तर पुरे आहे असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. शेवटी सौभाग्यवतींनी तीन अटी घातल्या. एकट्याने प्यायची नाही, रविवारशिवाय प्यायची नाही, आणि किती बाटल्या भरल्या व किती उरल्या याची वही त्यांच्याजवळ राहील. ती वही त्यांनी शेवटपर्यंत ठेवली, आणि तिच्यात एकदाही खाडाखोड नाही.

अटी मान्य झाल्या आणि आम्ही पहिली चूक केली. खरेदीला निघालो! काचेचा मोठा बरणा घेतला, तोटीचे चकचकीत भांडे घेतले, दोन थर्मामीटर घेतले, बाटल्यांना बुचे बसवण्याचे यंत्र घेतले. नवशिक्याला वाटते की साहित्य उत्तम असले म्हणजे विद्या आपोआप येते. तबल्याच्या क्लासात नाव घालण्याआधीच पेशवाई थाटाची जोडी घेणारे गृहस्थ आपण पाहिलेले आहेत. म्हातारबुवांजवळ होते काय? खाण्याच्या पदार्थांना चालणारी झाकणाची प्लॅस्टिक बादली, चार हात रबरी नळी, एक लांब चमचा, आणि एक हायड्रोमीटर. बाटल्या त्यांनी पबच्या मागच्या दारी रिकाम्या पडलेल्या मागून आणलेल्या.

हे सारे कशासाठी, ते थोडे समजून घेऊ. बिअरचे मूळ मॉल्ट. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. आपल्या भगिनींना हे नवीन नाही. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात, मंद भाजतात. मोड आलेला दाणा चावून पाहा, गोडसर लागतो. मोड येताना दाण्यात अशी पाचके तयार होतात की जी पिठूळ अंश फोडून त्याची साखर करतात. मॉल्ट भरडून सुमारे पासष्ट अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवला की सगळ्या पिठाची साखर होते, आणि एक गोड काढा मिळतो. त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले उकळतात. त्यांनी कडवटपणा येतो आणि काढा टिकतो. (ही वेल आपल्याकडे हिमाचलात लाहौलला लावतात.) डब्यातला मॉल्ट म्हणजे हाच काढा आटवून काकवीसारखा दाट केलेला. नवशिक्याने डब्यापासूनच सुरुवात करावी. धान्यापासून करणे अधिक स्वस्त पडते हे खरे, पण पोहायला शिकताना कोणी भरल्या नदीत उतरत नाही.

काढा निवला की त्यात यीस्ट घालायचे. पुढचे काम माणसाचे नाही, यीस्टचे. १५१६ साली बव्हेरियात कायदा झाला, की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी याखेरीज काही घालू नये. त्यात यीस्टचे नावच नाही. कारण ते काय आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. ते पाश्चरने दाखवले. १८७१ साली तो लंडनला व्हिटब्रेडच्या बिअरच्या कारखान्यात गेला, सूक्ष्मदर्शकातून त्यांचे यीस्ट पाहिले, आणि त्यांना सांगितले की हे शुद्ध नाही, यात नको ते जीव वाढताहेत. पुन्हा तो तेथे गेला तोवर मालकांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला होता. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे पैसे खर्चून शिकावे लागले, ते आमच्यासारख्याला बादलीभर बिअर ओतून देऊन शिकावे लागले, यात नवल नाही.

कारण पहिली खेप आम्ही ओतून दिली. तो ऑगस्ट होता. काढा केला, यीस्ट घातले, आणि दर दोन तासांनी झाकण काढून आत डोकावू लागलो. फेस आला की सौभाग्यवतींना दाखवायचा, शेजाऱ्यांना दाखवायचा. नळी नवी म्हणून धुतलीही नाही. नंतर वर फडके टाकून आम्ही दोन आठवडे सुट्टीवर गेलो. परत आलो तो घरभर आंबट वास, आणि फडक्यावर चिलटांची जत्रा. चिलटांच्या पायांवरून आणि हवेतून जे जीव येतात ते मद्यार्काचे व्हिनेगर करतात. ती बिअर व्हिनेगर होण्याच्या वाटेवर अर्धी गेली होती, त्यामुळे मिरच्या घालण्याच्याही उपयोगाची नव्हती. म्हातारबुवांनी बादलीकडे पाहिले आणि विचारले, “नळीत काय घातले होतेस?” आम्ही म्हटले, काही नाही. ते म्हणाले, “तेच तर!”

तेव्हापासून आम्ही शिकलो की या उद्योगातला खरा खर्च निर्जंतुक करणाऱ्या पावडरीचा, आणि तो पेन्सभराचा आहे. बादली, झाकण, चमचा, नळी, बाटल्या, सगळे आधी साध्या पाण्याने घासून घ्यायचे, मग त्या पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, मग खळखळून धुवायचे. जे उकळत्या काढ्याला लागते त्याची एवढी चिंता नाही. काढा निवल्यावर त्याला जे जे शिवेल ते सोवळ्यातले हवे. ‘सोवळे’ हा शब्द मुद्दाम वापरतो. आमच्या आजीला हे सांगितले असते तर तिला अर्ध्या मिनिटात कळले असते; लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू न देणारी बाई होती ती.

दुसरी खेप ऑक्टोबरात. या वेळी स्वच्छता चोख, झाकण बंद. पण यीस्ट काही हलेना. चार दिवस आम्ही पुडीला दोष देत राहिलो. सौभाग्यवती आल्या, बादलीला हात लावला, आणि म्हणाल्या, “एवढ्या गारठ्यात इडलीचे पीठ तरी फुगते का?” इंग्लिश घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असते, कपडे सुकवण्याचे. आमच्याकडे इडलीचे पीठ तेथेच ठेवीत. पीठ बाहेर आले, बादली आत गेली. टाकीला चिकटवून नव्हे, खालच्या बाजूस. कारण यीस्टला अठरा ते बावीस अंश मानवते, आणि फार ऊब दिली तर बिअरला भलताच उग्र वास येतो. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू. आम्हाला हर्ष झाला, आणि त्या हर्षात दुसरी चूक झाली. सातव्या दिवशी बुडबुडे कमी झालेसे वाटले आणि आम्ही बाटल्या भरल्या.

येथे हायड्रोमीटर हवा. दुधातले पाणी पकडणारे लॅक्टोमीटर आपण पाहिले असेल, त्याचाच हा भाऊ. गोड काढा पाण्यापेक्षा जड, म्हणून काचेची नळी त्यात वर तरंगते. साखर खपत जाते तशी ती खाली बसते. सुरुवातीला १०४० आणि शेवटी १०१० असा आकडा असेल, तर तीस अंश साखर यीस्टने खाल्ली, आणि मद्यार्क झाला सुमारे चार टक्के. दोन-तीन दिवस लागोपाठ आकडा तोच राहिला म्हणजे काम संपले. मगच बाटली भरायची, आणि दर पिंटाला अर्धा चहाचा चमचा साखर घालून बूच मारायचे. त्या साखरेवर उरलेले यीस्ट बाटलीतल्या बाटलीत वायू तयार करते आणि फेस येतो. आमचा आकडा होता १०२०. डोळ्यांनी तो पाहिला होता. वाटले, दहा अंशांनी काय होते?

काय होते ते ५ नोव्हेंबरच्या रात्री कळले. त्या रात्री इंग्लंडभर गाय फॉक्सच्या नावाने फटाके उडवतात. कपाटातून एक मोठा आवाज आला, तो आम्ही बाहेरचा समजलो. दुसरा आला तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्याच घरात दिवाळी आहे.” सात बाटल्या फुटल्या. काचा भिंतीत रुतल्या होत्या, आणि वर सुकत घातलेल्या पैठणीवरून बिअर ठिबकत होती. त्या वेळी कपाटाचे दार कोणी उघडले नाही हे आमचे नशीब. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. डोळा जाऊ शकतो. म्हणून नवशिक्याने आकडा स्थिर झाल्यावाचून बाटली भरू नये, पातळ काचेची बाटली तर घेऊच नये. त्यापेक्षा सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या बऱ्या. त्या फुकट मिळतात, आणि बोटाने दाबून पाहिल्या की आत वायू किती भरला ते कळते. दगडासारखी घट्ट लागली की ती थंड जागी हलवायची. मात्र त्या अंधारात ठेवाव्यात. उजेडाने हॉपचा अंश बिघडून घाणेरडा वास सुटतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी.

बचतीबद्दल एक मतभेद सांगून टाकतो. डब्यावर लिहिलेले असते की एक किलो साखर घाला. ती सर्वांत स्वस्त खरी. पण तिने बिअर पातळ होते, चवीला पोकळ लागते. म्हातारबुवा साखरच घालीत. आम्ही पुढे साखरेऐवजी सुका मॉल्ट घालू लागलो. खर्च थोडा वाढला, पण जेथे पैसा टाकल्याने चव बदलते अशी ही एकच जागा आम्हाला सापडली. काचेचा बरणा, दोन थर्मामीटर आणि चकचकीत भांडे यांनी चवीत काडीचा फरक पडला नाही. ते भांडे आमच्याकडे पुढे चिवडा ठेवायला होते.

तिसरी खेप नोव्हेंबरच्या अखेरीस घातली. झाकण दहा दिवस उघडले नाही. आकडा १०१० वर येऊन तीन दिवस तेथेच राहिला. नळीने वरचे स्वच्छ तेवढे ओढून घेतले, तळचा साका तसाच ठेवला, बाटल्या भरल्या, एक आठवडा उबेत आणि तीन आठवडे गारठ्यात ठेवल्या. या मुदतीत एक बाटली फोडून पाहण्याचा मोह आम्हाला किती वेळा झाला ते सांगत नाही. वही सौभाग्यवतींकडे होती म्हणून निभावले.

संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी म्हातारबुवांना बोलावले. तिळगूळ हातावर ठेवला. त्यांनी तो बिअरबरोबर खायचा पदार्थ समजून बाजूला जपून ठेवला. बाटली उघडली, तिरपी धरून सावकाश ओतली, म्हणजे तळचा साका पेल्यात येऊ नये. त्यांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला, पुन्हा घेतला. मग म्हणाले, “वाईट नाही.” यॉर्कशरच्या माणसाने ‘वाईट नाही’ म्हणणे म्हणजे आपल्याकडे शाल-श्रीफळ देण्यासारखे आहे, हे आम्हाला तोवर ठाऊक झाले होते. सौभाग्यवतींनी चमचाभर चाखली, तोंड वाकडे केले, म्हणाल्या, “किराइताचा काढा आहे नुसता.” वहीत ‘एक’ असा आकडा मांडला, आणि कपाट आता मोकळे झाले म्हणून त्याच संध्याकाळी इडलीचे तांदूळ भिजत घातले.